अर्जातली तिसरी बाई

अन्याय माझ्या बायकोवर झाला. १९८२ सालच्या डिसेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, मुंबईत, एका वकिलातीच्या तीन नंबरच्या खिडकीसमोर. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण खिडकीच्या आत साहेबाच्या डोक्यावर घड्याळ होतं आणि माझी बायको शाळेत शिक्षिका आहे. तास कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे ती बघून ठेवते. तिने पत्रात लिहिलं, "दहा चाळीसला उभी राहिले, दहा एकावन्नला माझे कागद परत माझ्या हातात होते."

पत्रक असंच सुरू करायचं असतं. त्या काळात मी दिवसा शिकागोतल्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचो आणि संध्याकाळी भाडेकरूंच्या समितीसाठी पत्रकं लिहायचो. घरमालक हिवाळ्यात हीटर बंद ठेवतात, उंदीर झाले तरी ढुंकून बघत नाहीत, असल्या गोष्टी. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला आणि कधी. दुसऱ्या ओळीत कोणी केला. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं. मधला मजकूर जितका कमी तितका बरा.

इथे दुसऱ्या ओळीवर मी अडलो. म्हणून हे पत्रक लांबलं आहे.

मी तेरा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलो. तेविसाव्या वर्षी हात वर करून इथला नागरिक झालो. पंचविसाव्या वर्षी, ८२ च्या जानेवारीत, तीन आठवड्यांची रजा टाकून कराडला गेलो आणि लग्न केलं. लग्नानंतर सतरा दिवस आम्ही एकत्र होतो. त्यातले सहा तर नातेवाइकांकडे जेवण्यातच गेले. मग मी परत आलो आणि ती माहेरी राहून मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागली, लग्नाआधी शिकवत होती तशीच. सगळे म्हणाले, नागरिकाच्या बायकोला लांबच्या रांगेत थांबावं लागत नाही, कागद तेवढे नीट भर, पाच-सहा महिन्यांत येईल.

कागद मीच भरले. वकील केला नाही. समितीच्या ऑफिसात म्हाताऱ्या बायांचे तक्रारअर्ज मी टाइप करून द्यायचो, एकाही अर्जात खाडाखोड नसायची. स्वतःच्या बायकोचा अर्ज मला भरता येणार नाही? तिचे फोटो मागवले, उजवा कान दिसेल असे तिरपे, कारण इथल्या सरकारला कान बघायचा असतो. तिने लिहिलं, "कान पाठवला आहे. पसंत पडला तर कळवा." मी हसलो, फोटो चिकटवले आणि एका शनिवारी बसून सगळे रकाने भरून टाकले.

त्यात एक रकाना होता: लाभार्थीने आजवर वापरलेली इतर नावं, माहेरच्या नावासह. मी तिचं नाव टाइप केलं आणि पुढे तिच्या वडिलांचं आडनाव.

आता जे अमेरिकन आहेत त्यांना यात काही चुकलेलं दिसणार नाही. त्यांच्याकडे लग्नात बाईचं आडनाव बदलतं. आमच्याकडे सगळंच बदलतं. मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात नवरा अंगठीने जे नाव लिहितो ते तिचं पहिलं नाव होतं. माझ्या बायकोचा पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यावर हे नवं नाव. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, पदवी आणि लग्नपत्रिका, सगळ्यांवर जुनं. आणि मी त्या रकान्यात काय लिहिलं? मी ठेवलेलं पहिलं नाव आणि तिच्या बापाचं आडनाव. त्या नावाची बाई या पृथ्वीवर एक दिवससुद्धा जगलेली नव्हती. ना माहेरी, ना सासरी. एक जुनी बाई, एक नवी बाई आणि अर्जात ही तिसरी, माझ्या टाइपरायटरमधून निघालेली.

ही चूक मला दिसली नाही. दहा महिने दिसली नाही. मराठी माणसाने अर्ज अमेरिकन डोक्याने भरला की असं होतं.

त्या दहा महिन्यांत कराडला काय चाललं होतं ते तिच्या पत्रांतून कळायचं, पण तक्रार म्हणून नाही. "औषधाच्या दुकानातले काका रोज विचारतात, काय, अजून इथेच? मी म्हणते, हो, तुमचा खोकल्याचा काढा संपवून मगच जाणार." आणि एका पत्राच्या शेवटी, घाईत लिहिल्यासारखं: "मुख्याध्यापिका पुढच्या वर्षाचं वेळापत्रक करतायत. विचारत होत्या, तुम्हाला धरू की वगळू? मी म्हटलं, पेन्सिलने लिहा." हे वाक्य मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. लग्न झालेली बाई माहेरी, नोकरीत आहे पण कायम नाही, नवरा आहे पण कागदावर. तिचं आख्खं आयुष्य कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं.

मग मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि तो मंगळवार.

तिचं पत्र मला ख्रिसमसनंतर मिळालं. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. तिने उजवा हात वर करून शपथ घेतली. शेजारी दुभाषी मुलगी उभी होती, मराठी बोलणारी. साहेबाने दाखला बघितला, पासपोर्ट बघितला, अर्ज बघितला, पुन्हा दाखला बघितला. मग विचारलं, "या अर्जात तुमच्या नवऱ्याने लिहिलेलं सगळं खरं आहे का?"

दुभाषीने ते मराठीत सांगितलं आणि तोंड न हलवता हळूच पुढे म्हणाली, "हो म्हणा ताई, हो म्हणा."

माझी बायको म्हणाली, "एक ओळ सोडून."

"कुठली?"

"या नावाची बाई मी कधीच नव्हते."

"मग तुमचं खरं नाव कुठलं?"

"आईने ठेवलेलं. ते या अर्जात नाही."

साहेबाने चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. तो उद्धट नव्हता, असं तिने मुद्दाम लिहिलं होतं. त्याने कागद परत दिले आणि सांगितलं की दाखल्यातली मुलगी, पासपोर्टमधली बाई आणि अर्जातली बाई या एकच आहेत हे सिद्ध करा. तोपर्यंत व्हिसा नाही. एका लग्नाच्या कागदांवर दोन-तीन बायका फिरवण्याचे प्रकार त्याने पाहिले होते. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, "तुम्ही अर्जात लिहिलेल्या बाईंची आणि माझी अजून ओळख नाही. भेटल्या तर व्हिसा त्यांनाच देऊन टाकीन."

मी पेटलो. माझी बायको खोटी? माझं लग्न खोटं? दोन दिवसांत पत्रक तयार. सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर दोनशे प्रती काढल्या, बोटं शाईने काळी. गोऱ्या साहेबाला आमच्या चालीरीती कळत नाहीत, तो आमच्या बायकांना गुन्हेगार समजतो, आमच्या कुटुंबांची ताटातूट करतो, वगैरे वगैरे. शेवटची ओळ: सही करा. सह्यांचं निवेदन वकिलातीला पाठवायचं ठरवलं. आणि सह्या करणारी मराठी माणसं एका ठिकाणी गठ्ठ्याने कुठे मिळतील याचा विचार केला तेव्हा उत्तर एकच होतं. जानेवारीतला शनिवार, शिकागोबाहेर शॉमबर्गला राहणाऱ्या काकूंकडचं हळदीकुंकू.

या काकू माझ्या आईच्या मैत्रीण. भूल देणाऱ्या डॉक्टर, आणि हॉस्पिटलात सर्जनसुद्धा त्यांना वचकून असतात असं ऐकलं होतं. त्यांच्या घरी पुरुष वर बैठकीच्या खोलीत फुटबॉल बघत बसलेले. बायका खाली बेसमेंटमध्ये. मी बर्फाचे बूट दारात काढले, काखेत पत्रकांचा गठ्ठा घेतला आणि सरळ जिना उतरलो.

"ए! पुरुष वर!" कोणीतरी ओरडलं.

"काकू, दोन मिनिटं. सह्या हव्यात."

"तुला नेहमी सह्याच हव्या असतात," काकू म्हणाल्या. "मागच्या वेळी कुणाच्या तरी हीटरसाठी होत्या. आमचा हीटर चांगला चाललाय."

सगळ्या हसल्या. तीसेक बायका होत्या, काळ्या साड्या, वर स्वेटर, पायांत मोजे. मी काय घडलं ते सांगितलं आणि पत्रकं वाटली. काकूंनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. अर्धं वाचून सही करणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

"भाषा छान तापलीय," त्या म्हणाल्या. "साहेबाला शिव्या आहेत, सरकारला शिव्या आहेत. तिचं नाव कुठाय?"

मी नाव सांगितलं.

"हे तू ठेवलेलं. तिचं कुठलं?"

मला तिचं नाव माहीत होतं, लग्नपत्रिकेवर वाचलं होतं. पण मी ते कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. एकदाही नाही. साखरपुड्यात मी तिला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती, आणि लग्नानंतर मी ठेवलेलं नाव होतंच. मी घसा साफ केला आणि तीस बायकांसमोर, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या बायकोचं नाव घेतलं.

कोपऱ्यात वाण वाटत असलेली एक बाई, बॅंकेत काम करणारी, हातातली डबी तशीच धरून म्हणाली, "अय्या. माझंही हेच होतं."

"काय सांगतेस? तू कधी बोलली नाहीस!"

"कुणी विचारलं कधी?"

मग जे सुरू झालं ते मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. एक म्हणाली, माझं नदीचं होतं. कुठल्या नदीचं? तिने नदी सांगितली आणि दोघीतिघी "अगंबाई" म्हणाल्या. एकीचं फुलाचं, एकीचं आत्याचं, एकीचं ग्रामदेवतेचं, कारण नवस होता. एकीला नवऱ्याच्या बहिणीचं नाव तेच निघालं म्हणून बदलावं लागलं. "मला तर बाई नवीनच आवडलं," एक जाड काचेचा चष्मा लावलेली म्हणाली, "जुन्यावरून शाळेत यमकं जुळवायच्या मेल्या." एकीने मान हलवली आणि सांगितलंच नाही. "ते माहेरचं आहे. तिथेच राहू दे." तिला कोणी आग्रह केला नाही. दहा वर्षं एकमेकींच्या घरी जाणाऱ्या, एकमेकींच्या बाळंतपणात डबे पोचवणाऱ्या बायका एकमेकींची नावं पहिल्यांदा ऐकत होत्या. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होतो आणि माझ्यासमोर ती खोली दुप्पट भरत चालली होती. तीस बायका होत्या, आता साठ होत्या.

तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन फिरणारी काकूंची बारा वर्षांची मुलगी थांबली. "वेट, मॉम. यू हॅड अ होल अदर नेम?"

"होतं ना गं."

"वॉट वॉज इट?"

काकूंनी सांगितलं. मुलीने ते अमेरिकन तोंडाने म्हणून बघितलं, नीट जमेना, पुन्हा म्हटलं. मग म्हणाली, "दॅट्स सो मच प्रिटियर." काकूंनी, भूल देणाऱ्या, सर्जनांना दम भरणाऱ्या काकूंनी, पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाल्या, "बरं बरं. वड्या वाट आता."

भिंतीकडेच्या खुर्चीत नागपूरहून आलेल्या एक आजी बसल्या होत्या, कुणाच्या तरी सासूबाई, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. कानटोपी, गुडघ्यांवर शाल. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनीच हात वर केला, वर्गात करतात तसा.

"माझं लग्न अकराव्या वर्षी झालं," त्या म्हणाल्या. "ज्यांना माझं नाव माहीत होतं त्यांतलं आता कोणी नाही." मग थांबल्या. "बाबा लांबून हाक मारायचे. शेवटचं अक्षर लांबवायचे." त्यांनी ते नाव म्हटलं, वडिलांसारखं शेवट लांबवून. मग पुन्हा एकदा म्हटलं, हळू, साखर विरघळते का बघावं तसं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तू लिहून घेणारा ना? लिही. आणि वाचून दाखव."

मी पत्रकाच्या कोऱ्या मागच्या बाजूवर लिहिलं आणि वाचून दाखवलं. सत्तर वर्षांची बाई आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होती. त्यांनी मान डोलावली, जणू हजेरी लागली. मी तोपर्यंत शेकडो सभा पाहिल्या होत्या, घोषणा दिल्या होत्या. अशी सभा पाहिली नव्हती.

माझं पत्रक त्या दिवशी रद्द झालं. काकू म्हणाल्या, "निवेदन वगैरे सोड. साहेबाला पुरावा हवाय ना, पुरावा देऊ. आम्ही ॲफिडेव्हिट करून देतो, प्रत्येकीची दोन्ही नावं, आणि आमच्याकडे अशी चाल आहे म्हणून. सोमवारी माझी सुट्टी आहे. आणि तुझं?"

"माझं काय?"

"तुझं ॲफिडेव्हिट. चूक तू केलीस ना?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे तिकडे सोमवारी सकाळी, मी कराडला औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानातल्या काकांनी तिला बोलावून आणलं. ती "हॅलो" म्हणाली आणि मी तिला नावाने हाक मारली. आईने ठेवलेल्या.

मागे कुणीतरी खोकल्याचा काढा मागत होतं.

"कोण बोलतंय?" ती म्हणाली.

"मी. मीच."

"असं नाव घेऊ नका एकदम. मला वाटलं घरातलं कोणी गेलं." मग आवाज बदलला. "आणि ओरडू नका, गिऱ्हाईकं आहेत इथे."

मी विचारलं, "तू हो का नाही म्हणालीस त्याला? ती मुलगी सांगत होती ना. आत्ता तू इथे असतीस."

"हात वर केला होता," ती म्हणाली. "मुलींना सांगते मी, नकाशात माहीत नसेल तर कोरं सोडा, चुकीचं भरू नका. तिथे जाऊन मीच कसं भरू?"

मी म्हटलं, "ताटात तांदूळ पसरले तेव्हा तू का नाही बोललीस?"

"तेव्हा कोणी विचारलं, हे खरं आहे का?"

आणि इथे दुसरी ओळ. कोणी केला? दहा चाळीसच्या अकरा महिने आधी, कराडच्या एका मंगल कार्यालयात, संध्याकाळी साडेसहाला, मी ताटातल्या तांदळात अंगठीने एक नाव लिहिलं होतं. आई म्हणाली होती, तुला हवं ते ठेव. मी विचार करून ठेवलं. साधं, आधुनिक, पुरोगामी. त्याचा अर्थ मोकळी, स्वतंत्र. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. भाडेकरूंना न विचारता घरमालकाने कुलूप बदललं तर मी दोनशे पत्रकं काढायचो, आणि हिला न विचारता मी हिचं नाव बदललं, तेही स्वतंत्र असं. खिडकीतल्या साहेबाने तिला अकरा मिनिटांत एक प्रश्न विचारला, जो मी अकरा महिन्यांत विचारला नव्हता. तुमचं खरं नाव कुठलं.

सोमवारी नऊ बायका बॅंकेत आल्या, इथे नोटरी तिथेच मिळतो. साड्या, वर जाड कोट, खाली बर्फाचे बूट. येताना गाडीत काकू म्हणाल्या, "मी मिरजेला शिकत होते ना, तेव्हा ऑपरेशननंतर बायकांना शुद्धीवर आणताना केसपेपरवरचं नाव घेऊन हाका मारायचो. काही जणी ओ द्यायच्याच नाहीत. मग बाहेरून आईला बोलवायचं. आई जुन्या नावाने हाक मारायची आणि बाई डोळे उघडायची. दरवेळी नाही, पण पाहिलंय मी." त्या पुढे रस्त्याकडे बघत गाडी चालवत होत्या. "मी इतकी वर्षं लोकांना झोपवते. पण माणूस जागं कुठल्या नावाला होतं, हे फॉर्मवर कुठे लिहायचं असतं?"

बॅंकेतली नोटरी म्हातारी अमेरिकन बाई होती, चष्म्याला साखळी. पहिल्या दोन कागदांवर तिने शिक्का मारला. तिसऱ्यावर थांबली. "पहिलं नावसुद्धा?" तिने विचारलं. "पहिलं नावसुद्धा," काकू म्हणाल्या. नोटरीची स्वतःची तीन लग्नं झालेली, तीन आडनावं फिरवून झालेली, तिनेच सांगितलं. "पण पहिल्याला कोणी हात लावला नाही हो," ती म्हणाली, आणि मग उरलेला प्रत्येक शिक्का मारण्याआधी प्रत्येकीला दोन्ही नावं मोठ्याने म्हणायला लावली. कायद्याला त्याची गरज नव्हती. मला वाटतं तिला ऐकायची होती. माझ्यामागे रांगेत उभे असलेले लोक कुरकुरले नाहीत, तेही ऐकत होते.

माझं ॲफिडेव्हिट शेवटी. आजवर मी लिहिलेल्या प्रत्येक कागदात अन्याय करणारा दुसराच कोणीतरी असायचा. या कागदात पहिलं वाक्य होतं: मी चूक केली. टाइप करताना तीन वेळा खाडाखोड झाली, तीही तशीच ठेवली.

पुढचं सरळ झालं. तिने पासपोर्टवर "उर्फ" म्हणून जुनं नाव चढवून घेतलं, मुख्याध्यापिकांनी शाळेच्या हजेरीपटाची नक्कल दिली, आम्ही दुरुस्त अर्ज आणि दहा ॲफिडेव्हिट पाठवली. एप्रिलमध्ये तिला पुन्हा बोलावलं. खिडकी तीच, साहेब दुसरा. त्याने गठ्ठा चाळला, नागपूरच्या आजींच्या कागदावर जरा थांबला (त्याही आल्या होत्या सोमवारी, कानटोपीसकट), आणि शिक्का मारला. तिने मुख्याध्यापिकांना सांगितलं, "वगळा. आता पेनाने."

मेमध्ये ओहेर विमानतळावर मी तिला घ्यायला गेलो. वकिलातीने दिलेलं कागदांचं सीलबंद पाकीट आतल्या अधिकाऱ्याने काढून घेतलं, म्हणून तिचे हात मोकळे होते. मी तिला लांबून हाक मारली, त्या आजींच्या बाबांसारखं शेवट लांबवून. तिने मान वर केली. हाक आणि मान यांच्यात अर्ध्या सेकंदाचंही अंतर नव्हतं. ते बघून मी जागच्या जागी उभा राहिलो. सतरा दिवस मी तिला दुसऱ्या नावाने हाका मारल्या होत्या आणि प्रत्येक वेळी ती जरा उशिरा वळायची. मला वाटायचं, लाजते.

जवळ येऊन ती म्हणाली, "वरून मिशिगन लेक दिसला. इतका मोठा आहे? मी फळ्यावर नेहमी लहान काढायचे. सगळ्या मुलींना चुकीचं शिकवलंय. पत्र टाकायला हवं."

आणि गाडीत बसल्यावर, "आडनाव तुमचं राहू दे. लहान आहे, सही पटकन होते."

आता शेवटची ओळ, नियमाप्रमाणे. हे वाचणाऱ्या तुमच्या घरात एखादी बाई असेल जिला तुम्ही आई म्हणता, काकू म्हणता, मावशी म्हणता, किंवा तुम्ही स्वतः अंगठीने लिहिलेल्या नावाने हाक मारता. कागद खाली ठेवा. उठा, ती जिथे असेल तिथे जा, आणि तिला विचारा तिचं नाव काय. तिने सांगितलं, तर एकदा मोठ्याने म्हणा आणि ती किती पटकन वळते ते बघा.